खाणीतली बाई आणि बढतीची शिडी

मराठी वाचकाला सावनेर हे गाव ठाऊक असतं ते बहुधा एका मृत्यूमुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी इथे आपल्या भावाच्या घरी वारले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेलं त्यांना पाहता आलं नाही. त्या नाटकातली सिंधू संसाराची धूळधाण झाल्यावर लोकांचं दळण दळून घर चालवते. घरंदाज बाईने चार पैसे मिळवायचे तर जात्यापलीकडे काही असू शकतं, हे त्या काळच्या नाटककाराला सुचलं नाही आणि प्रेक्षकालाही नाही. पण नेमक्या त्याच वर्षांत देशातल्या कोळसा खाणींत हजारो बाया जमिनीखाली उतरत होत्या. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीने तो वाहून गाड्यात भरायची. खाणमजुरांमध्ये साधारणपणे तिघांत एक बाई असे. त्या घरंदाज समजल्या जात नव्हत्या, म्हणून नाटकांत आल्या नाहीत, एवढंच.

मी सावनेरमध्ये बरीच वर्षं शाळेत शिकवलं. इथे गावाभोवती खाणी आहेत: सावनेर, पाटणसावंगी, सिल्लेवाडा, वलनी, पिपळा, आदासा. खाप्याच्या बाजूला गुमगावची मँगनीजची खाण आहे, ती मॉइलची. बाकीच्या कोळशाच्या, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या. आमच्याकडे सगळे ‘वेकोलि’ म्हणतात. पटावर मुलाच्या वडिलांच्या व्यवसायापुढे ‘वेकोलि’ लिहिलेलं असलं की त्या घरात महिन्याला पगार, क्वार्टर आणि दवाखाना आहे हे कळायचं. आईच्या नावापुढे ‘वेकोलि’ क्वचित दिसे. दिसलंच तर मी पुढचा प्रश्न विचारायचं टाळत असे. का, ते पुढे येईलच.

मोठ्या कंपन्या स्त्रियांना वर कशा आणतात, यावर अलीकडे पुष्कळ लिहिलं जातं. ते बहुतेक मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींतून लिहिलेलं असतं. त्यात मार्गदर्शक ज्येष्ठ, लवचीक वेळा, बाळंतपणानंतर परतण्याची सोय, वरिष्ठ पदांवरची टक्केवारी असे विषय येतात. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण सावनेरच्या खाणीच्या तोंडाशी उभं राहून तोच प्रश्न विचारला की त्याचं रूप बदलतं. इथे वर चढायचं असेल तर आधी खाली उतरावं लागतं, आणि बाईला खाली उतरायलाच कायद्याने मनाई होती. तीही थोडीथोडकी नव्हे, सबंध आयुष्य जाईल इतकी वर्षं.

या मनाईचा इतिहास सरळ नाही. १९२९ मध्ये इंग्रज सरकारने नियम केले की भूगर्भातल्या कामातून बायकांची संख्या वर्षागणिक कमी करत न्यायची. १९३५ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने स्त्रियांच्या भूमिगत कामाविरुद्ध ठराव केला आणि १९३७ मध्ये इथे पूर्ण बंदी आली. हेतू दयाळू होता, यात शंका नाही. खाणीतली हवा, पाण्याने भरलेल्या वाटा, छत कोसळण्याची भीती, पाठीवर मूल बांधून काम करणाऱ्या बाया, हे सारं खरंच भयंकर होतं. पण पुरुषासाठी ती खाण सुरक्षित करण्याचा खर्च टाळून बाईला बाहेर काढणं स्वस्त पडलं, असं मला वाटतं. बंदीने नवराबायकोच्या जोडीची कमाई निम्म्यावर आली. जोडीला पर्यायी काम कुणी दिलं नाही.

मग युद्ध आलं. मजूर लष्कराच्या कामांवर जाऊ लागले, कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ मध्ये बंदी उठवली गेली. आपला मध्य प्रांतही त्यात होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादकडच्या कोळसा खाणींत स्वतः उतरून मजुरांची स्थिती पाहून आले. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर टीका झाली तेव्हा त्यांनी तो अडचणीच्या काळातला तात्पुरता उपाय म्हणून मांडला, आणि एका गोष्टीवर खास बोट ठेवलं: या कामात बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान दाम हे तत्त्व सरकारी पातळीवर इतक्या स्पष्टपणे मांडलं गेल्याचं हे या देशातलं फार आधीचं उदाहरण आहे, आणि ते कुठल्या कचेरीत नव्हे, कोळशाच्या खाणीत घडलं. खाणींतल्या बाळंतपणाच्या लाभाच्या कायद्यातही त्यांच्या काळात दुरुस्त्या झाल्या. युद्ध संपलं, १९४६ मध्ये बंदी परत आली. म्हणजे देशाला गरज होती तेव्हा खाण बाईसाठी पुरेशी सुरक्षित होती. गरज संपल्यावर ती पुन्हा धोकादायक झाली.

स्वतंत्र भारताच्या १९५२ च्या खाण कायद्यात कलम ४६ आलं. बाईला जमिनीखालच्या कामावर ठेवायचं नाही, आणि वरच्या कामावर ठेवायचं तर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात. हे कलम तसंच ६६ वर्षं टिकलं.

आता हे बढतीशी कसं जोडलेलं आहे, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, खाणीत उतरता येत नसेल तर उतरू नये, वर ऑफिसात काम करावं. पण कोळसा कंपनीतली शिडी ऑफिसातून जात नाही. खाण चालवण्याचा अधिकार कंपनी देत नाही. तो धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परीक्षेतून मिळतो. खालून सुरुवात केली तर सिरदार. आपल्या भागातलं छत, हवा, वायू तपासून ‘इथे काम करायला हरकत नाही’ असं सांगणारा तो माणूस. त्यासाठी प्रथमोपचार आणि वायुपरीक्षणाचे वेगळे दाखले लागतात. मग ओव्हरमन. पुढे दुसऱ्या वर्गाचा व्यवस्थापक, आणि शेवटी पहिल्या वर्गाचा. या प्रत्येक दाखल्यासाठी प्रत्यक्ष खाणीतल्या अनुभवाचा हिशोब द्यावा लागतो. फक्त उघड्या खाणीत काम केलेल्याला मर्यादित दाखला मिळतो. भूमिगत खाणीचा कारभार त्यावर चालवता येत नाही.

म्हणजे कलम ४६ ने बाईकडून एक काम काढून घेतलं नाही, सगळी शिडीच काढून घेतली. अनुभव नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून पद नाही. आणि कंपनीला मनापासून वाटलं असतं तरी ती काही करू शकली नसती. शहरी लेखांत ‘काचेचं छत’ हा शब्द फार येतो: वर पाहता येतं, जाता येत नाही. खाणीत आडवी आलेली गोष्ट छत नव्हतीच, पायाखालची जमीन होती.

हे कुलूप उघडण्याचा एक धडपडीचा प्रसंग आपल्या नागपुरातच घडला. डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाण अभियांत्रिकी शिकायची होती. मुलींना तिथे प्रवेशच नव्हता, कारण पदवी घेऊन करणार काय? त्यासाठी न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. १९९९ मध्ये नागपूरच्या रामदेवबाबा अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. देशातल्या पहिल्या स्त्री खाण अभियंता म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे नागपूरच्याच केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेत त्या शास्त्रज्ञ झाल्या. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पदवी १९९९ ची, आणि कायद्यातली मनाई हटली २०१९ मध्ये. मधली २० वर्षं शिक्षणाचं दार उघडं आणि नोकरीचं बंद. खाण अभियांत्रिकीची पदवी आणि अभ्यास असूनही ज्या नोकरीसाठी ही विद्या असते ती करायची नाही, असा तो काळ. संशोधन संस्थेने ही गुणवत्ता वाया जाऊ दिली नाही, पण प्रत्येकीला संशोधन संस्था मिळत नाही.

(मधल्या काळातली एक गंमत. २०१६ च्या अखेरीस वेकोलि आणि राज्याच्या पर्यटन महामंडळाने सावनेरची भूमिगत खाण पर्यटकांना दाखवायची योजना काढली. कायदा बाईला ‘कामावर ठेवू नये’ म्हणत होता, ‘पाहायला जाऊ नये’ असं नव्हे. तिकीट काढून उतरता येत होतं, पगार घेऊन नाही.)

२०१९ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने अधिसूचना काढून कलम ४६ मधून सूट दिली. उघड्या खाणीत आणि वरच्या कामांवर बाई रात्रीही काम करू शकते. भूगर्भात सकाळी ६ ते संध्याकाळी ७. तिची लेखी संमती हवी, आणि एका पाळीत किमान तीन बायका हव्यात. यानंतर बातम्या येऊ लागल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडच्या चुरी इथल्या सेंट्रल कोलफिल्ड्सच्या भूमिगत खाणीत रुजू झाल्या. तेलंगणच्या संध्या रासकतला यांनी भूमिगत खाणीचा दुसऱ्या वर्गाचा अमर्यादित दाखला मिळवला. आमच्या शाळेतल्या मुलींनी हे फोनवर वाचलं आणि मला विचारलं, “मॅडम, मग आता सावनेरच्या खाणीत पोरी जातील नं?”

मी त्यांना अधिसूचना वाचून दाखवली. भूगर्भातली सूट होती ती ‘तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय’ कामांसाठी, आणि तीही जिथे सतत हजर राहण्याची गरज नसेल तिथे. या शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर सिरदार कुठे बसतो? त्याचं कामच मुळी पाळीभर आपल्या भागात हजर राहण्याचं. म्हणजे इंजिनियर होऊन थेट अधिकारी म्हणून येणाऱ्या मुलीला दार उघडलं, पण खालच्या पायरीवरून चढू पाहणारीसाठी पायरी तशीच मोडलेली राहिली. त्यातून वेळेचं गणित. खाण तीन पाळ्यांत चालते. संध्याकाळी ७ ची मर्यादा धरली तर बाईला दिवसपाळीच मिळणार. दुसरी पाळी ७ च्या पुढे जाते, तिसरी रात्रीची. पाळ्या फिरत्या असतात, आणि एकीला कायम दिवसपाळी दिली की दुसऱ्या कुणाच्या वाट्याला रात्री वाढतात. मग ‘बाईला सवलत’ ही कुजबुज सुरू होते. ती सवलत तिने मागितलेली नसते. आणि तिघींचा नियम? ज्या खाणीत एकच मुलगी अभियंता म्हणून येते तिथे दुसऱ्या दोघी कुठून आणायच्या? सुरक्षेसाठी केलेली अट पहिल्या मुलीलाच अडवून धरते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ मात्र सरळ म्हणतं की स्त्रीला सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर नेमता येईल. रात्रीसाठी तिची संमती आणि सुरक्षेची सोय हवी. शब्द म्हणून हे १९५२ पासून फार लांबचं अंतर आहे.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मी पटावर ‘आई : वेकोलि’ दिसल्यावर विचारत नसे. ती बहुधा नवऱ्याच्या जागी लागलेली असे.

राष्ट्रीय कोळसा वेतन करारात कामगार मरण पावला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या एका माणसाला नोकरी देण्याची तरतूद आहे. विधवा ४५ वर्षांच्या आतली असेल तर ती नोकरी किंवा दरमहा रक्कम यांतून निवड करू शकते. त्यापुढे फक्त रक्कम. मुलगा १२ वर्षांपुढचा असेल तर त्याचं नाव यादीत राखून ठेवायचं आणि तो १८ चा झाला की त्याला नोकरी, तोवर आईला पैसे. यादीत राखून ठेवण्याची ही सोय करारात ‘पुरुष वारसा’साठी लिहिलेली आहे. मुलीचं नाव असं राखून ठेवल्याचा उल्लेख नाही. विवाहित मुलीला वारसातून वगळण्यावर छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हरकत घेतली, तेव्हा कुठे त्या भिंतीला एक फट पडली.

दुसरं दार जमिनीचं. खाणीसाठी शेत गेलं तर कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एका नोकरीचा विचार होतो. नाव कुणाचं द्यायचं हे घर ठरवतं. घर काय ठरवतं हे मी सांगायला नको. मुलगाच नसेल तर मुलगी, नाहीतर जावई. या दाराने आलेल्या काही मुली पदवीधर असतात आणि जनरल मजदूर म्हणून लागतात. फायली पोचवतात, पाणी देतात, झाडांना आळी करतात.

आणि बाहेर जाण्याचंही एक खास दार होतं. २०१४ मध्ये कोल इंडियाने फक्त स्त्री कर्मचाऱ्यांसाठी ऐच्छिक निवृत्तीची योजना आणली: आईने मुदतीआधी निवृत्त व्हायचं, तिच्या जागी मुलाला नोकरी. तिच्यातला व्यवहार कळतो. वय झालेल्या, अंगमेहनतीचं काम न झेपणाऱ्या बायकांना सुटका मिळाली, बेकार मुलगा मार्गी लागला, कंपनीला तरुण हात मिळाले. कुणाचंच नुकसान नाही, असं वाटतं. पण दोन्ही दारं एकत्र पाहा. नवऱ्याच्या मृत्यूने नोकरी आली, मुलाच्या हाती सोपवून गेली. मधल्या काळात बाईने ती सांभाळली, जशी ती सासरचे दागिने सांभाळते. जी नोकरी आपली नाहीच, तिच्यात बढती कशाला मागायची? तिला प्रशिक्षण देण्यात कंपनीने तरी वेळ का घालवावा? कोल इंडियात शंभरात दहाहून कमी बायका आहेत, पण त्या आकड्याहून मला हे ‘सांभाळणं’ जास्त खुपतं. सासरच्या माणसांचा दबाव, मुलाचा हट्ट, हे तर वेगळंच प्रकरण.

वरच्या टोकाला काय दिसतं? २०१२ च्या सुरुवातीचे काही महिने कोल इंडियाच्या अध्यक्षपदाचा कार्यभार एका स्त्रीकडे होता. जोहरा चटर्जी, भारतीय प्रशासकीय सेवेतल्या, कोळसा मंत्रालयाकडून आलेल्या. म्हणजे ज्या कंपनीच्या खाणीत बाईला कायद्याने उतरता येत नव्हतं, तिच्या सर्वोच्च खुर्चीवर बाई बसू शकत होती, फक्त शिडीने येऊन नव्हे. याच्या तुलनेत पोलाद प्राधिकरणाच्या सोमा मोंडल यांची वाट पाहा. १९८४ मध्ये नाल्कोत प्रशिक्षणार्थी अभियंता, २०१७ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या संचालक, १ जानेवारी २०२१ रोजी अध्यक्ष. ३६ वर्षं आणि एकेक पायरी. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर एक तरी स्त्री असणं सक्तीचं केलं. नियम चांगला आहे. पण संचालक बाहेरूनही आणता येते. खाण व्यवस्थापक बाहेरून आणता येत नाही, ती घडवावी लागते, आणि त्याला निदान दहा-बारा वर्षं लागतात.

घडवण्याचे प्रयोग झालेले आहेत. टाटा स्टीलने झारखंडच्या नोआमुंडी लोहखाणीत सप्टेंबर २०१९ पासून बायकांना सर्व पाळ्यांत कामावर घेतलं, आणि पुढे अवजड यंत्रं चालवण्यासाठी स्थानिक बायकांना प्रशिक्षण देऊन चालक केलं. अधिसूचना आली त्याच वर्षी हे होऊ शकलं याचा अर्थ तयारी आधीपासून होती. याच उद्योगसमूहातल्या टेल्कोच्या जाहिरातीत १९७४ मध्ये ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असं छापलं होतं, त्यावर सुधा कुलकर्णींनी (पुढे मूर्ती) जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं, ही गोष्ट आपल्याकडे पाठ्यपुस्तकापर्यंत पोचली आहे. ती सांगताना आपण पोस्टकार्डाचं कौतुक करतो. मला कौतुक वाटतं ते त्या कार्डानंतर मुलाखतीला बोलावणाऱ्या कचेरीचं. पत्रं पुष्कळ जणी लिहितात.

खाणीत मुलगी टिकण्यासाठी लागतं काय? ऐकून हसू येईल अशा गोष्टी. तिच्या मापाचे बूट. कमरेचा पट्टा, टोपी, दिव्याची बॅटरी तिच्या अंगावर बसेल अशी. भूगर्भात शौचालय, ते नसलं की मुली पाणी पिणं सोडतात, आणि त्याचं पुढे काय होतं ते कोणतीही डॉक्टर सांगेल. पाळी सुटल्यावर घरापर्यंत गाडी. १९६६ च्या नियमांनी खाणीवर बायका असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण या सगळ्याचा खर्च एकट्या मालकाच्या माथी असल्याने छोटा ठेकेदार हिशोब करतो आणि बाई घेतच नाही. मोठी कंपनी हा भार पेलू शकते. म्हणूनच ‘मोठ्या’ कंपन्यांवर एवढं बोलायचं. अडचण अशी की मोठ्या कंपन्यांचं पुष्कळ काम आता छोट्या ठेकेदारांकडून होतं. जून २०२० मध्ये आदासाची भूमिगत खाण उघडी खाण म्हणून सुरू झाली. वेकोलिच्या उघड्या खाणींत वरची माती काढण्याचं काम बरंचसं ठेक्यावर चालतं. कंपनीच्या महिला धोरणाची हद्द कंपनीच्या हजेरीपुस्तकापाशी संपते. ठेकेदाराकडे झाडू मारणारी बाई त्या हद्दीबाहेर उभी असते.

८ मार्चला गुलाबी साड्या, रांगोळी, सत्कार होतात; त्यांना माझा विरोध नाही, एक दिवस का होईना पाठीवर थाप पडते. फक्त बायकांनी चालवलेला दवाखाना, फक्त बायकांचं भांडार, असे उपक्रमही ठिकठिकाणी निघाले आहेत. फोटो छान येतात. पण भांडारातून खाणीच्या व्यवस्थापकपदाकडे रस्ता जात नाही. मला विचाराल तर कंपनीने एक छोटा, कंटाळवाणा तक्ता दरवर्षी छापावा: या वर्षी किती बायकांनी वायुपरीक्षणाचा दाखला काढला, किती जणी सिरदारच्या परीक्षेला बसल्या, किती जणींचा भूमिगत अनुभव किती महिन्यांचा झाला, आणि जनरल मजदूर म्हणून लागलेल्या पदवीधर मुलींपैकी किती जणींना अभ्यासाची रजा मिळाली.

माझी एक विद्यार्थिनी सध्या खाणकामाच्या पदविकेला आहे. तिची आई वडिलांच्या जागी लागलेली, भाऊ बारावीला. आईने निवृत्ती घेऊन भावाला लावावं असं मामांचं म्हणणं आहे. आई अजून काही बोललेली नाही. मुलीने मागच्या महिन्यात माझ्याकडून सिरदारच्या परीक्षेची नियमावली नेली आणि तिच्या झेरॉक्सचे दोन संच काढले, एक स्वतःसाठी, एक आईसाठी.